किती मास्तर

आमच्या विज्ञानाच्या सरांना 'लई' हा शब्द चालत नसे. "सर, लई ऊन हाय" असं कुणी म्हणालं की ते हातातला खडू खाली ठेवायचे आणि विचारायचे, "लई म्हंजे किती?" मग त्या पोराला उठून व्हरांड्यात जावं लागे, खिळ्याला टांगलेला थर्मामीटर बघून आकडा सांगावा लागे. आकडा ऐकला की सर मान हलवून म्हणत, "हं, आता बोल." तोवर पुढं काय बोलायचं होतं ते त्या पोराच्या डोक्यातून गेलेलं असे.

गावात सगळे त्यांना किती मास्तर म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागं. पण त्यांना ते ठाऊक होतं. एकदा नवीन पोस्टमन आला होता. त्यानं शाळेच्या दारात सायकल लावून सरांनाच विचारलं, "किती मास्तर हाईत का?" सर म्हणाले, "हाईत की, सहा. पैकी एक रजेवर." पोस्टमन बिचारा पाकीट हातात धरून उभाच राहिला.

आमचं गाव भूमहून ईटकडं जाणाऱ्या रस्त्याच्या आत, माळरानात. सर मूळचे भूमचे. लहानपणी निजामाच्या राजवटीत चौथीपर्यंत उर्दूत शिकलेले, पुढं सगळं मराठीत. त्यामुळं ते लिहायचे मराठीत, पण मोजायचे उर्दूत. विहिरीत दोरी सोडताना त्यांचे ओठ हलत असायचे, "पच्चीस, छब्बीस, सत्ताईस…" दोरीच्या टोकाला दगड आणि दर हातावर एक गाठ. दगड पाण्याला लागला की दोरी सैल पडते. तिथं बोटानं धरायचं, वर ओढायचं, गाठी मोजायच्या. गावातल्या बारा विहिरी ते दर सोमवारी सकाळी शाळेआधी अशा मोजत. वहीत तारीख, विहिरीचा नंबर आणि काठापासून पाणी किती खाली, एवढंच लिहीत. दर महिन्याला ते आकडे शाळेच्या बाहेरच्या फळ्यावर मांडत. येणारे जाणारे वाचत, कुणी हसत.

हे खूळ त्यांच्या डोक्यात बहात्तरच्या दुष्काळात शिरलं. तेव्हा ते नुकतेच आमच्या गावात बदलून आले होते. गावच्या मोठ्या विहिरीचं पाणी खाली खाली चाललेलं. टँकरसाठी तालुक्याला तीन अर्ज गेले होते आणि तिन्ही अर्जांत 'गावात भयंकर टंचाई आहे' असं लिहिलेलं होतं. सरांनी विहिरीत दोरी सोडली, दुसऱ्या दिवशी सोडली, तिसऱ्या दिवशी सोडली, आणि चौथा अर्ज लिहिला : 'गावच्या विहिरीत नऊ दिवसांचे पाणी आहे.' टँकर दहाव्या दिवशी आला. विहीर नवव्या दिवशी आटली होती. एक दिवस गाव तहानलेलं राहिलं आणि त्या एका दिवसात लोकांनी ठरवून टाकलं की मास्तरांनीच पाण्याला नजर लावली. काही जुनी माणसं नंतर कितीतरी वर्षं सरांना आपल्या विहिरीत वाकू देत नव्हती. सर मात्र ती गोष्ट सांगताना एवढंच म्हणायचे, "तीन अर्जांत शब्द होते. चौथ्यात आकडा होता."

घरी त्यांचा छळ त्यांच्या बायकोला होता. त्यांना आम्ही सगळी पोरं चाची म्हणायचो. सर एका बादलीत आंघोळ करत, परातीत उभे राहून, आणि परातीतलं पाणी लिंबाच्या झाडाला घालत. चाचींनी भांडी किती पाण्यात घासली तेही त्यांना कळायला हवं असे. चाची आम्हाला हळूच सांगायच्या, "मेहमान आले की मी यांच्या पाठीमागं दोन तांबे जास्त काढते. नाही तर इज्जत जाईल आपली."

पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडावंदनाला आमच्या गावच्या सोसायटीचे चेअरमन येत. सोसायटी म्हणजे शेतकऱ्यांना बी-बियाणं आणि कर्ज देणारी गावची सहकारी संस्था. चेअरमन मोठे शेतकरी, मळ्यात ऊस, विहिरीवर मोटार. बोलायला गोड माणूस. एका वर्षी ते भाषणात म्हणाले, "सोसायटीमुळं आपल्या गावाचा प्रचंड विकास झालेला आहे." आमच्या रांगेच्या मागून सरांचा आवाज आला, "किती?" पोरं फिदीफिदी हसली. सरांना कुणाची टिंगल करायची नव्हती. त्यांच्या हातात पेन्सिल होती, खरोखर लिहून घ्यायला. चेअरमन हसले आणि म्हणाले, "मास्तर, तुम्हीच मोजा की." हेडमास्तरांनी मात्र नंतर सरांना खोलीत बोलावून घेतलं.

मी नववीत होते त्या वर्षी जिल्ह्याहून एक पत्रक आलं. पुण्याला विद्यार्थ्यांची आंतरराष्ट्रीय विज्ञान परिषद भरणार होती, इतर देशांतली मुलंही येणार होती. विषय होता 'निसर्गाचं संरक्षण आणि शाश्वत विकास'. हेडमास्तरांचं म्हणणं, ज्वालामुखी करू या, धूर निघाला की बघणारे खूश होतात. सर म्हणाले, वही नेऊ या.

'शाश्वत विकास' म्हणजे काय हे शाळेत कुणालाच नीट माहीत नव्हतं. सरांनी दोन दिवस विचार केला आणि वर्गात सांगितलं, "यंदा जेवढं काढलं तेवढं पुढच्या साली बी काढता आलं पायजे. तुमच्या पोरांना बी काढता आलं पायजे. न्हाई तर ती त्यांची चोरी." आम्हा पोरींना आमच्या पोरांचं नाव निघाल्याचीच लाज वाटली. बाकीचं कुणी ऐकलं नाही.

वहीत अकरा-बारा वर्षांचे आकडे होतेच. पण सरांना वाटलं की परिषदेत मुलांनी स्वतः मोजलेलं दाखवायला हवं. म्हणून पावसाळा सरताना त्यांनी बारा विहिरी बारा जणांना वाटून दिल्या. वाटल्या कशा, तर हजेरीच्या नंबरानं. माझा नंबर सात. सात नंबरची विहीर चेअरमनच्या मळ्यातली.

आमचं घर बौद्ध वस्तीत. माझे बाबा चेअरमनच्या मळ्यात ऊसतोडीला आणि खुरपणीला कामाला जायचे. सरांनी नंबर वाचून दाखवले तेव्हा वर्गातली दोन-तीन पोरं माझ्याकडं वळून बघायला लागली. सरांना त्यात काही दिसलं नाही. ते पुढचा नंबर वाचत होते.

पहिले सहा सोमवार काही झालं नाही. मळ्यावरचा गडी मोटार चालू करण्यात गुंतलेला असे. मी काठावर चढायचे, दोरी सोडायचे, आकडा घेऊन पळायचे. सातव्या सोमवारी चेअरमन तिथंच होते. त्यांनी विचारलं, "कुणाची गं तू?" मी बाबांचं नाव सांगितलं. ते रागावले नाहीत. नेहमीच्याच गोड आवाजात म्हणाले, "बरं बरं. पण काठावर चढत नको जाऊ. ह्या विहिरीचं पाणी घरात देवाला जातं. शिकलेली हाईस, तुला काय सांगायचं."

घरी आईला सांगितलं. आई म्हणाली, "सरांना बोलू नगं. तुझ्या बाबाचं काम तिथं हाय." मग मी आकडे घरी बसून तयार करायला लागले. गेल्या वेळेपेक्षा थोडं खाली, पुढच्या वेळी आणखी थोडं. असे चौदा सोमवार मी लिहिले. सर वहीत उतरवून घ्यायचे आणि म्हणायचे, "शाब्बास बेटा, वेळेवर."

परिषदेला माझी निवड झाली, कारण माझं अक्षर चांगलं होतं आणि मी इंग्रजीतलं भाषण न अडखळता पाठ म्हणू शकत होते. मुलगी एकटी कशी पाठवायची म्हणून चाची सोबत आल्या. बार्शीपर्यंत एसटी, बार्शीहून रेल्वेच्या छोट्या गाडीनं कुर्डुवाडी, तिथून पुणे. चाचींनी एवढ्या भाकरी बांधल्या होत्या की पुण्याला पोचल्यावरही उरल्या.

कॉलेजच्या मोठ्या हॉलमध्ये दुपारी आम्ही तक्ता लावला. आलेखाच्या कागदावर बारा रंगांच्या बारा रेघा. सर्व विहिरी एका कागदावर शेजारी शेजारी सरांनी तेव्हा पहिल्यांदाच नीट पाहिल्या. शाळेत तक्ता जमिनीवर पसरून आम्ही पोरांनी रंगवला होता. ते मागं सरकून बघत राहिले. अकरा रेघा वेड्यावाकड्या होत्या. वीज असली की मोटारी चालत, पाणी झपकन खाली जाई. वीज गेली की वर येई. सातवी रेघ मधल्या एका ठिपक्यापासून पट्टीनं ओढल्यासारखी सरळ उतरत होती.

"सात नंबर कुणाकडं?" त्यांनी विचारलं.

"माझ्याकडं, सर."

"मोटार हाय त्या विहिरीवर. पाणी असं उतरत न्हाई बेटा."

मी रडायला लागले. म्हणाले, चौदा सोमवार मी मोजलं नाही, मनानं लिहिलं. सरांनी फक्त विचारलं, "कुठल्या तारखेपासून?" मी तारीख सांगितली. त्यांनी दाढीच्या डब्यातली ब्लेड काढली आणि चौदाही ठिपके आणि त्यांना जोडणारी रेघ खरवडायला बसले. चाची म्हणाल्या, "अब इत्ती दूर आए, रहने देओ ना. बच्ची है." सर म्हणाले, "बच्ची है इसलिए." कागद खरवडून पांढरा, पातळ झाला.

का मोजलं नाहीस, हे त्यांनी विचारलंच नाही. त्यांना ती सवयच नव्हती. किती आणि कधी, एवढे दोनच प्रश्न त्यांना येत. त्यांना वाटलं, पोरगी आळशी निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या तक्त्यापुढं परीक्षक आणि दहा-पंधरा मुलं जमली. नेपाळची होती, श्रीलंकेची होती, दोन-तीन गोरीही होती. मी भाषण पाठ म्हटलं. भाषांतराला तिथल्या कॉलेजच्या एक मॅडम होत्या. श्रीलंकेच्या एका मुलीनं, तिच्याही दोन वेण्या होत्या, बोट दाखवून काही विचारलं. मॅडम म्हणाल्या, "सात नंबरच्या विहिरीची रेघ मधेच का तुटली, असं ती विचारते आहे."

सर म्हणाले, "सांगा, मोजणी झाली न्हाई."

मी म्हणाले, "नुसतीच झाली नाही असं नाही. मला विहिरीवर चढू देत नाहीत."

"का?" मॅडमनी विचारलं.

"आम्ही बौद्ध आहोत म्हणून."

मॅडम भराभर इंग्रजीत काही बोलल्या. सरांचं इंग्रजी बेताचं, पण एक शब्द त्यांनी पकडला. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही अडचण म्हणालात. ती अडचण म्हणाली न्हाई. ती जे म्हणाली तेच सांगा." त्यांचा आवाज वर्गात असे तेवढाच होता. मॅडमचा चेहरा लाल झाला. मग त्यांनी सावकाश, नीट सांगितलं. त्या मुलीनं ऐकून घेतलं आणि पुन्हा विचारलं, मग तुम्ही पाणी कुठून आणता?

"वस्तीमागं आड आहे. उन्हाळ्यात आटतो. मग ओढ्यात झरा उकरतो."

ती तक्त्याजवळ गेली, एकेका रेघेवर बोट ठेवत खाली आली आणि तिनं विचारलं, तो आड यातला कुठला?

तो कुठलाच नव्हता. बहात्तरला सरांनी गावातल्या विहिरींना नंबर दिले तेव्हा ते गावात हिंडले होते. वस्तीकडं आले नव्हते. त्यानंतर इतक्या वर्षांत कुणी त्यांना तसं म्हणालंही नव्हतं, आम्हीसुद्धा नाही. सर तक्त्याकडं बघत उभे राहिले. मग त्यांनी खिशातली छोटी वही काढली, त्यात काहीतरी लिहिलं आणि मला विचारलं, "आड किती खोल हाय, बेटा?" मला माहीत नव्हतं.

आम्हाला नंबर मिळाला नाही. भाग घेतल्याचं प्रमाणपत्र मिळालं, त्यात गावाचं नाव चुकलेलं होतं.

परतताना छोट्या गाडीत चाची झोपल्या होत्या. सर खिडकीबाहेर बघत होते. तसंच बघत म्हणाले, "म्या इतकी वर्षं पाणी मोजलं. पाणी कोण भरतंय ते बघितलंच न्हाई." एरवी ते शुद्ध 'मी' म्हणायचे. पुढच्या स्टेशनवर त्यांनी माझ्यासाठी शेंगा घेतल्या.

पुढच्या सोमवारी सर आधी आमच्या आडावर आले. बायकांनी घागरी बाजूला घेतल्या. मी दोरी सोडली, सरांनी वहीत तेरा नंबर घातला. मग ते म्हणाले, "चल, सात नंबर."

आई दारातूनच नको नको म्हणत होती. बाबा कामावर निघाले होते. ते थांबले, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "जा. मोज."

चेअरमन विहिरीवर होते. सर म्हणाले, "मोजणीला आलोय."

"मोजा की मास्तर. तुम्हाला कवा अडवलंय?"

"मी न्हाई. ही मोजणार."

"तुम्ही मोजा."

"तिची विहीर हाय. ती मोजणार."

"माझी विहीर हाय मास्तर," चेअरमन म्हणाले. हसूनच म्हणाले.

सरांनी वाद घातला नाही. वही उघडली, तारीख घातली आणि सात नंबरपुढं लिहिलं : 'मोजू दिलं नाही.' लिहिलेलं चेअरमनना दाखवलं आणि आम्ही शाळेत गेलो. पुढच्या सोमवारी पुन्हा गेलो, पुन्हा तेच. महिना संपला तेव्हा फळ्यावर बाकी बारा विहिरींपुढं आकडे होते आणि सात नंबरपुढं चार वेळा 'मोजू दिलं नाही.' हेडमास्तर म्हणाले, नुसती रेघ मारा, कशाला वाकडेपणा. सर म्हणाले, "जे झालं ते लिहिलंय."

चेअरमननी बाबांना त्या हंगामात कामाला बोलावलं नाही. बाबा रोजगार हमीच्या बांधाच्या कामावर जायला लागले, चार कोस चालत. सरांना ते कळलं तेव्हा ते वस्तीत येऊन आमच्या ओट्यावर बसले. बाबांना म्हणाले, "माझ्यामुळं झालं. तुम्ही म्हणाल तर थांबवतो." बाबा म्हणाले, "आता थांबवून काय काम परत मिळतंय व्हय? चालू द्या."

उन्हाळ्याच्या तोंडावर जिल्ह्याहून भूजल खात्याचे एक साहेब आले. गावाला पाझर तलाव मंजूर व्हायचा होता, त्याची जागा ठरवायची होती. तलाव आपल्या मळ्याच्या वरच्या अंगाला व्हावा म्हणून चेअरमन दोन वर्षं खटपट करत होते. सरांची वही बघून साहेब खूश झाले. मग सात नंबरच्या पानावर त्यांचं बोट थांबलं. चावडीत चार माणसांसमोर त्यांनी विचारलं, "हे काय, का मोजू दिलं नाही?"

चेअरमन म्हणाले, "पोरं येतात साहेब. पाय-बिय घसरला तर?"

"तलावाच्या खालची पहिली विहीर हीच आहे. हिचे आकडे नसले तर मला ही जागा सुचवता यायची नाही," साहेब म्हणाले. "मोजू द्या."

त्या सोमवारी चेअरमन विहिरीपासून लांब, आंब्याखाली उभे होते. आमच्याकडं पाठ करून. मी काठावर चढले. गाठ दोनदा हातातून सुटली. सर शेजारी उभे होते. त्यांनी दोरीला हात लावला नाही. दगड पाण्याला लागला. "एकतीस हात," मी म्हणाले. सरांनी लिहिलं.

आम्ही बांधापर्यंत आलो असू, मागून पाणी ओतल्याचा आवाज आला. गडी काठ धूत होता, मी उभी होते तिथं. एक बादली ओतली, मग दुसरी. सर तिथंच थांबले, वळून बघत राहिले, आणि त्यांनी पुन्हा वही उघडली. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. त्यांनी लिहिलं : 'मोजणीनंतर काठ धुण्यात वाया : दोन बादल्या.'

महिनाअखेरीला फळ्यावर सात नंबरपुढं चार आकडे आले आणि त्यांच्या शेजारी सरांनी एक नवीन रकाना आखला : 'काठ धुण्यात वाया गेलेलं पाणी — आठ बादल्या.' त्या दिवसांत गावातल्या बाया घागरभर पाण्यासाठी अर्धा दिवस रांगेत उभ्या होत्या. त्यांच्यात सवर्ण बायाही होत्या. त्या फळ्यापुढं थांबायच्या. ज्यांना वाचता येत होतं त्या बाकीच्यांना वाचून दाखवायच्या. आठ बादल्या म्हणजे घागरी किती, हा हिशेब त्यांचा त्यांनीच केला. चेअरमनच्या घरी कोण काय बोललं ते मला माहीत नाही. पण पुढच्या सोमवारी गडी मोटारीजवळ बसून राहिला, उठला नाही. त्याच्या पुढच्या सोमवारीही नाही.

महिना संपल्यावर सर फळ्यावर आकडे लिहीत होते. मी खाली वही धरून उभी होते. शेवटच्या रकान्यात त्यांनी शून्य काढलं. हेडमास्तर मागं येऊन उभे राहिले होते. ते म्हणाले, "आता पुसून टाका की तो रकाना. झालं ना तुमच्या मनासारखं?"

"राहू द्या," सर म्हणाले. "शून्य हाय ते दर महिन्याला दिसू द्या."

सर निवृत्त होऊन भूमला गेले त्या महिन्यापर्यंत तो रकाना फळ्यावर होता.